एकास पस्तीस मापाचा चिखल

टी-34 हा सोव्हिएत रणगाडा तोफेच्या नळीसकट 6.68 मीटर लांब होता. एकास पस्तीस या मापात तो 19 सेंटीमीटरचा होतो, म्हणजे पुरता वीतभरही नाही. हल्लीच्या किटांचे सुटे भाग इतके नेमके असतात की चिलखताच्या सांध्यावरचं वेल्डिंगसुद्धा साच्यातूनच उमटून येतं. तरीही सगळं नीट जोडून, सांगितलेला हिरवा रंग सगळीकडे सारखा मारला की समोर उभं राहतं ते खेळणंच. आकारात खोट काढता येत नाही, रंगाची छटाही बरोबर असते. पण तीस टनांच्या घरातलं लोखंड त्यात कुठे दिसत नाही. ते वजन रंगाने आणायचं असतं. रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांचा निम्म्याहून जास्त वेळ जोडणीत न जाता यातच जातो, आणि ‘वेदरिंग’ म्हणतात ते हेच: गाडी वापरल्याच्या, उन्हापावसात राहिल्याच्या, मळल्याच्या खुणा रंगवणं.

एकास पस्तीस हे माप कुठल्याही अभियांत्रिकी हिशेबातून आलेलं नाही. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. पोटात मोटर आणि सेल मावले पाहिजेत, यावरून त्याचा आकार ठरला आणि तो मूळ गाडीच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाएवढा भरला. मॉडेल खपलं, पुढची मॉडेलं त्याच मापात निघाली, इतर कंपन्यांनीही तेच उचललं.

रंगवणाऱ्याने मात्र हा आकडा सतत डोक्यात ठेवावा लागतो. मॉडेलवरचा 1 मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे साडेतीन सेंटीमीटर. टवका उडाल्याचा म्हणून ब्रशने सहज टेकवलेला ठिपका खऱ्या चिलखतावर रुपयाच्या नाण्याहून मोठा होतो. दुसरं असं, की मॉडेल आपण 35 सेंटीमीटरवरून पाहिलं तर ते खरा रणगाडा सव्वाबारा मीटरवरून पाहण्यासारखं असतं. तेवढ्या अंतरावरून सुटे टवके दिसत नाहीत. कडांवर रंग उतरल्याचा अंदाज येतो, धुळीचे पट्टे दिसतात, तेलाचा काळा डाग दिसतो. गाडीभर शेकडो टवके काढलेली मॉडेलं फोटोत कितीही झकास दिसली, तरी ती या साध्या त्रैराशिकात नापास होतात.

रंग खऱ्यापेक्षा थोडा फिका करूनच मारावा, असा या छंदातला जुना सल्ला आहे. दूरची वस्तू मधल्या हवेमुळे फिकी दिसते म्हणून, असं त्याचं कारण सांगतात. बारा मीटरांतली हवा एवढं काही करत असेल हे मला पटत नाही. सल्ला मात्र खरा आहे, आणि त्याचं कारण मला प्रकाशात दिसतं. भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, घरातल्या दिवाणखान्यात काहीशे लक्स. उन्हात हिरवा दिसणारा लष्करी रंग खोलीत आणला की काळपट होतो. शिवाय टेबलावरचा दिवा त्या वीतभर वस्तूच्या मानाने अवाढव्य असतो, त्यामुळे मॉडेलवर कडक सावली पडत नाही. खऱ्या रणगाड्याच्या मडगार्डखाली आणि टरेटच्या मानेखाली जो अंधार असतो, तो मॉडेलमध्ये रंगवावाच लागतो.

मॉडेल कसं रंगवायचं आणि मांडायचं, यावर तीन पिढ्यांची तीन मतं आहेत. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या किटांसोबत येणाऱ्या पत्रकांमधून रणगाडा, माणसं आणि जमीन यांचे एकत्र देखावे कसे करायचे हे लोकांना शिकवलं. त्यांच्यापाठोपाठ बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांची पद्धत गाजली. गडद पातळ रंगाने खाचा भरायच्या, मग जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवून कडा उजळ करायच्या. काम झटपट होतं आणि प्रत्येक खिळा उठून दिसतो. पण सगळ्या गाड्या पीठ भुरभुरवल्यासारख्या दिसायला लागल्या. नंतर स्पेनमधून लाट आली. मिग हिमेनेझ आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी एअरब्रशने एकाच पत्र्यावर वरून उजळ, खाली गडद अशा छटा चढवायला सुरुवात केली, आणि वेदरिंगच्या तयार बाटल्यांचा मोठा बाजारही उभा केला. या पद्धतीत मॉडेल चित्रासारखं देखणं होतं. कधीकधी इतकं, की शेजारशेजारचे दोन पत्रे दोन वेगळ्या दुपारी रंगवल्यासारखे दिसतात. मला ही मंडळी चित्रकार म्हणून आवडतात. रणगाडा रंगवायचा तर मात्र ‘हा डाग इथे का पडला?’ या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर आहे, तो रंगारी मी वरचा मानतो.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला युद्धभूमीवर जावं लागत नाही. जिथे खोदकाम चालू असेल तिथे जेसीबी उभा असतो, तो दहा मिनिटं नीट पाहावा. बादलीचे दात चांदीसारखे घासलेले असतात, कारण ते रोज मातीत जातात. बादलीच्या बाहेरच्या अंगावर तांबूस गंज असतो, पण तो काल रात्रीचा, दुपारपर्यंत पुन्हा घासून जाणारा. चालक चढतो त्या पायरीवर रंगाचे टवके नसतात. तिथे रंग झिजून गुळगुळीत झालेला असतो आणि आतलं लोखंड तेलकट काळं दिसतं. पिस्टनच्या सांध्यातून तेल झिरपतं, त्यावर धूळ चिकटते, आणि तो डाग आजूबाजूच्या कोरड्या धुळीपेक्षा कायम गडद राहतो. छपरावर धूळ सपाट बसते, बाजूंवर ती पावसाच्या थेंबांनी उभी ओघळते. एवढं नीट पाहिलं की वेदरिंगचा अर्धा अभ्यास झाला. बूट, पाऊस, इंधन आणि जमीन या चार गोष्टींचा गाडीशी रोज जिथे संबंध येतो तिथे खुणा होतात, बाकीची गाडी बऱ्यापैकी शाबूत असते.

आता प्रत्यक्ष रंगकाम. त्याच्या मुळाशी एकच रसायनशास्त्रीय नियम आहे: वरच्या थराचा पातळक खालच्या थराला विरघळवणारा नसावा. किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरिन असतं, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एनसी थिनर त्यालाच खातं. ते हत्यारं धुवायला ठेवावं, मॉडेलजवळ आणू नये. पहिला थर प्रायमरचा. त्याने रंगाला पकड मिळते आणि प्लॅस्टिक, पितळ, रेझिन हे सगळं एका छटेत येतं. त्यावर अ‍ॅक्रिलिकचा मूळ रंग, दुधाइतका पातळ करून, एअरब्रशने. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात हे काम करणाऱ्याला दमट हवेचा प्रताप माहीत असतो: लॅकर जातीचा रंग किंवा व्हार्निश वाळताना हवेतली वाफ धरतो आणि पृष्ठभागावर दुधट पांढुरकी झाक येते. भर पावसाच्या दिवशी व्हार्निश मारू नये हे बरं.

अ‍ॅक्रिलिक एकदा पुरतं वाळलं की मिनरल टर्पेंटाइन त्याला काही करत नाही. बाकीचा सगळा खेळ या एका गोष्टीवर चालतो. चित्रकारांचे तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मॉडेलवर लावता येतात, आवडलं नाही तर पुसता येतात, आणि खालचा रंग जसाच्या तसा राहतो. कॅम्लिनच्या तैलरंगांतली बर्न्ट अंबरची एक नळी कित्येक रणगाड्यांना पुरते. ती वापरण्यात एक छोटी खुबी आहे. नळीतला रंग थेट पॅलेटवर न घेता आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून ठेवायचा. अर्ध्या तासात त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो, रंगाभोवती तेलकट वर्तुळ उमटतं, आणि मग तो रंग मॉडेलवर वाळताना चमकत नाही. चिलखतावर चकाकी आली की खेळणं परत डोकावतं, म्हणून हा खटाटोप.

हाच रंग अगदी पाण्यासारखा करून ब्रशच्या टोकाने खिळ्याच्या बुडाशी नुसता टेकवला की केशाकर्षणाने आपोआप खाचेतून धावत जातो. याला पिन वॉश म्हणतात. खाली चकचकीत व्हार्निशचा थर असेल तर तो सरळ धावतो. मॅट थरावर सांडल्यासारखा पसरून डाग पाडतो. आकडे आणि चिन्हांचे पाण्यातले स्टिकरही चकचकीत थरावरच लावायचे, नाहीतर खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि त्यांच्याखाली चंदेरी झाक दिसते. मॅट व्हार्निश सगळ्यात शेवटी.

या सगळ्यात मला सर्वांत समर्पक वाटणारी युक्ती केसांच्या स्प्रेची. 1941-42 च्या हिवाळ्यात पूर्व आघाडीवरच्या टी-34 गाड्यांना बर्फात लपण्यासाठी हिरव्या रंगावर चुन्याची किंवा खडूची सफेदी दिली जायची. घाईचं काम, मोठ्या ब्रशाने, प्रसंगी झाडूने. कुठे जाड, कुठे पातळ, काही कोपरे तसेच सोडलेले. ती पक्की नसायचीच, कारण वसंतात बर्फ वितळल्यावर ती काढून टाकायची असे. मॉडेलवर हिरव्या रंगावर हेअर स्प्रे मारायचा, वाळला की त्यावर पांढरं अ‍ॅक्रिलिक. स्प्रेमधलं पॉलिमर वाळल्यावरही पाण्यात विरघळतं आणि अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर पाणी आत झिरपू देतो. अर्ध्याएक तासाने ब्रशने पाणी लावून मिनिटभर थांबायचं आणि आखूड केसांच्या राठ ब्रशने हलकेच घासायचं. खालचा स्प्रे सुटतो आणि पांढरा रंग कडांपासून, उंचवट्यांपासून निघत जातो, हिरवा वर येतो. हे टवके रंगवलेले नसतात, खरोखरच उडालेले असतात. शिवाय ज्या भागावर ब्रश जास्त वेळ घासला तिथे रंग जास्त जातो, म्हणजे झिजेचं तर्कशास्त्रही मूळचंच राहतं. पांढरा थर जाड झाला किंवा दोन दिवस तसाच ठेवला, तर मात्र तो सुटत नाही, किंवा सुटला तर कातड्यासारखा मोठा तुकडा घेऊन येतो.

मग घासायचं कुठे? इथे गाडीची माहिती लागते. लाल सैन्याचे पायदळ सैनिक टी-34 च्या पाठीवर बसून हल्ल्याला जात आणि त्यांना धरायला टरेट व बाजूंना दांडे जोडले होते. त्या दांड्यांवर, त्यांच्याखालच्या उतरत्या पत्र्यावर आणि इंजिनावरच्या झाकणांवर शेकडो बूट व कोट घासलेले असणार. तिथली सफेदी जवळजवळ गेलेली हवी. चालकाचं झाकण पुढच्या तिरक्या चिलखतातच होतं, त्याच्या कडा हातांनी काळवंडलेल्या. मागच्या पत्र्यातून डिझेल इंजिनाचे दोन एक्झॉस्ट बाहेर येत, म्हणून त्यांच्याभोवतीचा भाग काजळीने काळा. इंधनाच्या टाक्यांजवळ डिझेल सांडलेलं. तिथे सफेदी पिवळट, गडद आणि किंचित चकचकीत. याउलट टरेटच्या बाजूला, जिथे कोणी पाय देत नाही, तिथे सफेदी बरीच शिल्लक राहू द्यावी. नवखे रंगारी नेमके तिथेच सगळ्यात जास्त घासतात, कारण ती जागा डोळ्यांसमोर असते.

जर्मन गाड्यांचं गणित निराळं. फेब्रुवारी 1943 पासून त्या कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात येऊ लागल्या आणि त्यावर हिरवे-तपकिरी पट्टे ओढायचं काम आघाडीवरच्या तुकड्यांकडे दिलं. त्यासाठी रंगाचा घट्ट लगदा डब्यातून पोहोचायचा. तो पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात कालवायचा. जिथे पेट्रोल वाचवायचं होतं तिथे पाणी वापरलं गेलं, आणि असा रंग पावसात फार टिकला नाही. एकाच आदेशाखालच्या दोन गाड्या त्यामुळे दोन रंगांच्या दिसू शकत. ‘अस्सल छटा कोणती’ यावर तासन्तास भांडणाऱ्यांनी हा लगदा आठवावा.

गंजाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. लढाईत सापडलेला रणगाडा बऱ्याचदा काही आठवड्यांतच निकामी व्हायचा. प्रायमर आणि रंगाखालचं जाड पोलाद तेवढ्यात काय गंजणार? गंज येतो तो एक्झॉस्टच्या नळकांड्यांवर, कारण तिथला रंग उष्णतेने जळून गेलेला असतो, आणि गाडी ज्यांवर चालते त्या साखळीसारख्या पट्ट्यांवर, कारण त्यांना रंगच नसतो. बहुतेक पट्टे मँगनीज मिसळलेल्या कठीण पोलादाचे. ते पावसाने रातोरात तांबूस होतात, पण गाडी मैलभर चालली की जमिनीला टेकणारा भाग घासून लख्ख होतो. आतल्या बाजूचं मात्र चाकांवर ठरतं. धावचाकांना रबराची किनार असेल तर तिथे चकाकी येत नाही, काळसर गुळगुळीतपणा येतो. रबराच्या टंचाईत काही टी-34 गाड्यांना पोलादी धावेची चाकं बसवली. त्यांच्या पट्ट्यांवर आतल्या बाजूनेही चांदीसारखा पट्टा हवा. मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं तर ही चकाकी रंगापेक्षा कितीतरी चांगली साधते.

गंजाच्या आणि धुळीच्या भुकट्या परदेशी बाटल्यांतून महागात मिळतात. त्यांत बहुतेक करून लोहाचे ऑक्साइडच असतात, म्हणजे आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारा गेरू आणि पिवळी माती. नुसता गेरू गंजासाठी जास्त लाल पडतो. थोडी पिवळी माती आणि कणभर काजळी मिसळली की काम होतं. गेरू आधी मलमलीतून दोनदा गाळून घ्यावा, कारण त्यातला एक बारीक खडासुद्धा या मापात दगड ठरतो.

चिखलाच्या बाबतीत मराठी वाचकाला एक फायदा आहे. युक्रेनमधली चेर्नोझेम जातीची काळी माती आणि दख्खनची रेगूर घडल्या वेगवेगळ्या कारणांनी. तिथली सेंद्रिय द्रव्यामुळे काळी, आपली बेसाल्टमधून आलेली. पण ओली असताना गडद, चिकट आणि चाकाला धरून बसणारी, वाळली की राखाडी, हे वागणं दोघींचं बरंचसं सारखं आहे. किटच्या डब्यावरच्या चित्रात चिखल चॉकलेटी असतो, म्हणून जगभरचे लोक तो सरसकट चॉकलेटी करतात. मराठवाड्यात पावसाळ्यात शेतातून परतलेला ट्रॅक्टर पाहिलेला माणूस असं करणार नाही. त्याला हेही ठाऊक असतं की चिखल एका दिवसाचा नसतो. तळाशी गेल्या आठवड्यातला वाळलेला फिका थर, त्यावर कालचा, आणि पट्ट्याजवळ आजचा ओला, चमकणारा. हे थर प्लास्टर ऑफ पॅरिस, भुकटी आणि अ‍ॅक्रिलिक माध्यम कालवून वेगवेगळ्या दिवशी चढवावेत. टी-34 ला मागच्या चाकातून ताकद मिळायची, म्हणून वर येणारा पट्टा मागे चिखल झाडायचा. मागची मडगार्डं पुढच्यांपेक्षा जास्त माखलेली असावीत.

हे सगळं पडताळायला युद्धकाळातले फोटो असतात, पण बहुतेक कृष्णधवल. त्यांत रंग कळत नाही. चिखल कुठपर्यंत आला होता हे मात्र उत्तम कळतं. खरी वस्तू पाहायची तर अहिल्यानगरचं, म्हणजे अहमदनगरचं, रणगाडा संग्रहालय आपल्या हाताशी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्यांपासून 1965 च्या युद्धात पकडलेल्या पाकिस्तानी पॅटनपर्यंत बरंच काही तिथे उभं आहे. ओतीव टरेटचा खडबडीतपणा, वेल्डिंगचे वळ, पट्ट्यांच्या कड्यांची जाडी, हे सारं तिथे डोळ्यांत साठवावं. रंगासाठी मात्र कुठल्याच संग्रहालयावर भिस्त ठेवू नये. उघड्यावर उभ्या रणगाड्यांना वेळोवेळी नवा रंग चढतो, आणि त्यांच्यावरच्या खुणा उभं राहण्याच्या असतात: सांध्यांतून ओघळलेला गंज, पक्ष्यांची विष्ठा, साचलेलं पाणी. चालणाऱ्या गाडीवर यातलं जवळजवळ काहीच नसतं. नारिंगी गंजाचे ओघळ वाहणारे रणगाडे मॉडेल प्रदर्शनांत इतके का दिसतात, त्याचं एक कारण ही संग्रहालयंच असावीत असा माझा संशय आहे.

काम संपल्यावर एक व्यावहारिक अडचण उरते. मॅट व्हार्निश आणि भुकटीने मढवलेल्या खडबडीत पृष्ठभागावर घरातली धूळ झपाट्याने बसते, आणि ही धूळ एकास पस्तीस मापाची नसते. कपड्यांतून सुटलेला मिलिमीटरभर धागा तोफेवर पडला तर खऱ्या मापात तो साडेतीन सेंटीमीटरचा दोरीचा तुकडा. तो ब्रशने झाडायला जावं तर कष्टाने बसवलेली खोटी धूळही त्याबरोबर निघते. फुंकर मारावी तर थुंकीच्या थेंबाने डाग पडतो. तेव्हा किट घेतानाच पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या पेटीचे पैसे बाजूला काढावेत, आणि पेटीची उंची मोजताना टरेटवरची अँटेना धरायला विसरू नये.